बंद भोंग्याची बारा मिनिटं

आमच्या ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर रोज दुपारी एक वाजता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. ती वेळ मी लावली होती. पंचायतीत ऑपरेटर मीच, तेव्हा लावणारा दुसरा कोण असणार! बंद होऊन नीट सुरू व्हायला त्याला बारा मिनिटं लागत. त्या बारा मिनिटांत माझी मोठी बहीण गेली. हे आधीच सांगून टाकतो. कारण आजवर ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याला मी कॉम्प्युटर किती जुना होता इथून सुरुवात करून सांगितली, आणि ऐकणारा शेवटाला यायच्या आधीच मला माफ करून मोकळा झाला.

जुना होता हे मात्र खरं. घुग्घुसकडच्या कुठल्याशा खाणीच्या ऑफिसात म्हातारा होऊन तो आमच्याकडे आला होता. पहिल्या दिवशी डबा उघडला तर आतून ओंजळभर काळी धूळ निघाली. कोळशाचीच असणार. पंचायतीच्या कामाला, म्हणजे दाखले आणि फॉर्म, एक बरा कॉम्प्युटर होता. हा म्हातारा वाघासाठी.

आमचं गाव मूल शहराच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अलीकडे. गावाच्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे जंगल. वाघानं आमच्याकडची माणसं नेलेली आहेत, त्यामुळे वाघ म्हटलं की इथं कोणी मोबाइल काढून फोटो पाहत बसत नाही. नाल्याच्या उतारावर खांब रोवून त्यावर कॅमेरा बसवला. त्याचं चित्र वायरनं पंचायतीत या म्हाताऱ्याकडे यायचं. त्याच्यात एक प्रोग्राम होता. चित्रात वाघ दिसला की तो ओळखायचा आणि पंचायतीच्या छतावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की नाल्याकडे निघालेला माणूस जिथं असेल तिथून माघारी फिरायचा. सरळ काम. लोकांनी पहिल्या महिन्यात या भोंग्याला नारळ फोडला होता.

पण म्हातारा दीड-दोन दिवस सलग चालला की गपगार व्हायचा. बंद पडला असता तर कळलं तरी असतं. हा बंद पडत नव्हता. पडद्यावर नाला दिसायचा, पाणी दिसायचं, सगळं कसं शांत. फक्त ते चित्र सकाळचं असायचं आणि बाहेर संध्याकाळ झालेली असायची. अशाच एका संध्याकाळी नाल्यावर एकाची कालवड गेली आणि माझ्या पडद्यावर सकाळचं ऊन तसंच पडलेलं होतं. तो माणूस पंचायतीच्या दारात उभा राहून मला जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. मीही काही कमी बोललो नाही. माझं डोकं लवकर फिरतं, हे गावाला माहीत आहे.

कॅमेरा बसवायला चंद्रपूरहून आलेल्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, जुनी मशीन आहे, मेमरी भरते, रोज एकदा रिस्टार्ट करत जा. मी म्हटलं, रोज कोण करणार, मला रविवार आहे, सण आहेत, मी माणूस आहे. तेव्हा त्यानं टास्क शेड्युलरची वाट दाखवली. एकदा वेळ लावून दिली की मशीन रोज त्या वेळेला आपली आपण बंद होईल, आपली आपण चालू होईल, प्रोग्रामही आपोआप उघडेल. वेळ कोणती लावू म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, सगळे रात्री तीनची लावतात, तेव्हा कोणी काम करत नाही. मी त्याला फोनवरच झापलं. म्हटलं, आमच्याकडे रात्री तीनला वाघ काम करतो.

म्हणून मग वेळ गावाला विचारून ठरवायची असं मी ठरवलं. एवढं शहाणपण मला होतं. पुसाचा महिना, कडाक्याची थंडी, ग्रामसभा उन्हात भरली. मी उभा राहून सांगितलं की रोज बारा मिनिटं भोंगा बंद राहणार, तर कोणती वेळ अशी आहे की नाल्याकडे कोणी नसतं? पुरुषमंडळींनी नीट विचार केला, उगाच नाही म्हणणार मी. सकाळी आणि चारच्या सुमारास बाया सरपणाला जातात, ते नको. संध्याकाळी ढोरं परततात, ते नको. कोणी म्हणालं, दुपारी एक. त्या वेळेला शेतातला माणूस भाकरीवर असतो, ढोरं सावलीत असतात, वाघही गुहेत पडलेला असतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तीनदा विचारलं. तिन्हीदा एकच उत्तर आलं. बाया मागे दाराशी बसल्या होत्या. त्यांना वेगळं विचारावं असं मलाही सुचलं नाही आणि सरपंचांनाही नाही.

त्याच दिवशी मी वेळ लावली. रोज, तेरा वाजता. मशीन बंद कर, पुन्हा चालू कर, कोणाचं ऐकू नको, अशा अर्थाची एक ओळ त्यात टाकली. दुसऱ्या दिवशी मोबाइल हातात धरून बसलो. एकला पडदा काळा झाला. मग ती फिरत राहणारी चकती, मग लॉगिन, मग अँटिव्हायरसची कटकट, मग प्रोग्राम, मग कॅमेऱ्याशी जोडणी, आणि एक वाजून बारा मिनिटांनी ताजा नाला पडद्यावर. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला.

त्यानंतर म्हातारा एकदाही गपगार झाला नाही. पण लोकांना चैन पडेल तर ना. जो तो यायचा आणि विचारायचा, भाऊ, दुपारी भोंगा बंद राह्यते म्हणते, मंग वाघ आला त? एकाला सांगावं, दोघांना सांगावं, रोज तेच. आठ-दहा दिवसांनी माझं डोकं सणकलं. पंचायतीचा माइक घेतला आणि सगळ्या गावाला ऐकवलं: "दुपारी एक ते सव्वा एक मशीन आराम करते. त्या वक्ताले वाघ येत नाई, पाहून ठरवलं हाय. आता मले कोणी इचाराले येऊ नका." लोक हसले. विचारायला येणं बंद झालं. घरी बायको म्हणाली की माइकवर तुमचा आवाज साहेबासारखा वाटत होता, आणि मला ते आवडलं.

आता बहिणीचं सांगायला हवं. आम्ही तिला बाई म्हणायचो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मला तिनं कडेवर वाढवलं. धानोऱ्याकडे दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि बाई एक ट्रंक घेऊन बसनं परत आली. त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. घरात ती कोणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती. माय, बायको, बाई, तिघींचं एका चुलीवर चालत होतं. मला बाबू म्हणायची, माझे केस पांढरे झाले तरी.

आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं घरागणिक वाटलेली आहेत. कागदावर नाही, पण कोणाच्या आज्याचं कोणतं झाड हे लेकराला विचारलं तरी सांगेल. ज्या घराचं झाड त्याच घरानं खाली पडलेली फुलं वेचायची. पाच झाडं आमची. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं माहेरच्या झाडावर काही राहत नाही, ती सासरच्या झाडाखाली जाते. बाईचं सासर सुटलं, तेव्हा ती झाडंही सुटली. मग अशा बाया काय करतात, तर झाडवाले पहाटे वेचून, टोपल्या भरून घरी परतले की मागाहून जातात आणि उरलंसुरलं वेचतात. त्याला कोणी हरकत घेत नाही. पण वेचणारीकडे लोक ज्या नजरेनं पाहतात ती मला सहन होत नव्हती.

मी बाईला बोललो होतो. आपली पाच झाडं असताना दुसऱ्यांचं उष्टं कशाला वेचते, लोक म्हणतील भाऊ बहिणीला पोसत नाही. ती म्हणाली, "तुह्या झाडाचा मोहा तुह्या बायकोचा. मले माह्या हातचा थोडासा असू दे." माझ्या अंगाची लाही झाली. जा मग, कर काय करायचं ते, असं म्हणून मी ताटावरून उठलो. नंतर हा विषय घरात निघाला नाही. ती दुपार कलल्यावर, चारच्या सुमारास, सरपणाला जाणाऱ्या बायांमागे जाते एवढं मला माहीत होतं. चारला भोंगा चालू असतो. म्हणून मला काळजी नव्हती.

चैत्र लागला. ऊन असं की पायाखालची माती चटके देते. थंडीत वाघ दुपारी गुहेत पडतो हे ग्रामसभेत बोललेलं अगदी बरोबर होतं. पण उन्हाळ्यात तो दुपारी पाण्यावर येतो, पाण्यात बसून राहतो, आणि आमच्या भागात चैत्रात पाणी उरतं ते त्या नाल्याच्या डोहातच. हे कोणाला माहीत नव्हतं? मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण वेळ पुसात लावली होती आणि मशीन रोज ती पाळत होती. तिला ऋतू कोण सांगणार? सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढंच मी कॉम्प्युटरकडून शिकलो होतो.

त्या दिवशी मी घरी जेवत होतो. बायको माहेरी गेलेली, माय वाढत होती. एक वाजला हे मला घड्याळ न पाहताही कळायचं, सवयच झाली होती. भाजी तिखट होती, मी पाणी प्यालो. आणि भोंगा वाजला. मी मोबाइलवर पाहिलं, एक वाजून बारा. मला काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. मला अभिमान वाटला. म्हटलं, वा रे म्हाताऱ्या, डोळे उघडल्या उघडल्या वाघ ओळखला.

मायचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. ती म्हणाली, बाई नाल्याकडे गेली आहे. मी म्हटलं, आता कुठली जाईल, ती चारला जाते. माय म्हणाली, नाही, गेली आहे, टोपली घेऊन मघाशीच गेली.

मी उठून पळालो. कुठे, तर पंचायतीत. नाल्याकडे नाही. या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नाला उजवीकडे आणि पंचायत डावीकडे, आणि माझे पाय डावीकडे वळले, कारण मला वाटलं आधी पडद्यावर पाहावं. पडद्यावर नाला होता. पाण्याच्या काठाला टोपली कलंडलेली होती आणि मोहफुलं वाळूत सांडलेली होती. दुसरं काहीच नव्हतं. भोंगा डोक्यावर कोकलत होता. तोवर माणसं काठ्या, डबे, फटाके घेऊन नाल्याकडे धावली होती, मी त्यांच्या मागून पोचलो. पलीकडच्या काठावर, झुडपांत थोडं आत, बाई सापडली. वाघानं तिला फार दूर नेलं नव्हतं. जिवंत नव्हती. मी तिच्या तोंडावर पदर ओढला, तो मोहाच्या वासानं भरलेला होता.

पंचनाम्याला जंगल खात्याचा गार्ड आला, त्याच्याबरोबर साहेब आले. कॅमेरा होता, भोंगा होता, मग बाई नाल्यात उतरेपर्यंत वाजला का नाही, असं साहेबांनी विचारलं. विचारणारच. सरपंचांनी मला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हेत, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "लाइट गेलती म्हन. नाई त तुही नोकरी जाईन आनं गावातला भोंगाही काढून नेतीन." आमच्याकडे लाइट जाते यावर कोण अविश्वास दाखवेल! मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि लाइट गेली होती असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन मी टास्क शेड्युलर उघडला. तिथं प्रत्येक दिवसाची नोंद राहते. कालच्या तारखेपुढे तेरा वाजता, आणि पुढे इंग्रजीत, काम यशस्वीपणे पूर्ण झाले. मी ते किती तरी वेळा वाचलं. मग ती वेळ काढून टाकली. आता मशीन मी हातानं बंद-चालू करतो. त्याआधी मोबाइलवर घरोघर विचारतो, तुमचं कोणी नाल्यापलीकडे आहे का. कधी तास जातो, कधी दोन. कोणी ना कोणी असतंच. बारा मिनिटं पूर्ण रिकामी मिळाली असा दिवस क्वचितच येतो.

विहारात बाईचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी जे सांगत होते ते सगळे ऐकत होते आणि मी पंख्याकडे पाहत होतो, कारण लाइट गेली होती आणि पंखा थांबला होता. माय तिथंच मोठ्यानं लाइटीला शिव्या देऊ लागली. बायांनी तिला धरलं. त्यानंतर तो तिचा नेमच झाला. घरात लाइट गेली की ती लाइटीला शिव्या द्यायची, लाइटवाल्यांना द्यायची, तारांना द्यायची. माझ्या लेकीला खाल्लं म्हणायची. मी त्याच खोलीत अंधारात बसलेला असायचो. लाइट आली की ती थांबायची आणि मी जेवायला बसायचो. असं एक वर्ष काढलं. पुन्हा मोहा आला, पुन्हा संपला.

मग मला राहवेना. एका सकाळी माय ओसरीवर बाईच्या ट्रंकेतलं सामान उन्हाला टाकत होती. दोन लुगडी, एक स्वेटर, आणि वाळवलेल्या मोहाचं एक लहान गाठोडं, हे एवढंच तिच्या हातचं. मी मायसमोर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. त्या दिवशी लाइट गेली नव्हती. भोंगा मी बंद ठेवला होता. एकची वेळ मी लावली होती, पुसात लावली आणि चैतात बदलली नाही. साहेबांना मी खोटं सांगितलं.

मायनं गाठोड्याची गाठ सोडली, मोहा पसरला, आणि म्हणाली, मला माहीत आहे. गावात सगळ्यांनाच माहीत आहे, रोज एकला भोंगा बंद राहायचा हे तूच तर माइकवर सांगितलं होतं. बाईलाही माहीत होतं.

मी विचारलं, "मंग ते चारचं सोडून एकले काऊन गेली?"

माय मोहाची फुलं एकेक करून उलटी करत होती. ती थांबली नाही. "चारले गेली का भोंगा वाजे," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेतून पळत ये बिचारी, टोपली रिकामी. मंग तुहं माइकवरचं बोलनं आठवलं तिले. मले म्हने, माय, आता मी एकलेच जात जाईन, त्या वक्ताले वाघ येत नाई. बाबू कॉम्प्युटरमंदी पाहून सांगते."

मोहा पडायला लागल्यापासून ती एकला जात होती. सरपणवाल्या बायांना सोडून एकटी, माझ्या बारा मिनिटांत नाला ओलांडून, काठाजवळच्या झाडांखालचं हाताला लागेल तेवढं वेचून परतायची. त्या वेळेला भोंगा कधीच वाजत नव्हता. वाजणार कुठून! आणि भोंगा वाजत नाही म्हणजे माझं बोलणं खरं, असं ती रोज पाहत होती.

मी एवढंच विचारलं, की तुला हे सगळं माहीत होतं तर वर्षभर लाइटीला शिव्या का देत होतीस?

मायनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"नाई त कोणाले देऊ?" ती म्हणाली. "तुले देऊ?"